उठता-बसता

कौसल्या पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं. पद्माकर ऑफिसला गेला होता. सून ऋचा शाळेत शिकवायला गेली होती, नात उन्नती कॉलेजात. पाणी प्यावं म्हणून ती दिवाणावरून उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि त्यापुढचं तिला आठवेना. डोळे उघडले तेव्हा गालाला गार फरशी लागत होती. समोर फ्रिजचे पाय दिसत होते आणि त्यांच्या मागे एक वाळून टणक झालेला वाटाणा.

तिनं हातानं फरशी चाचपली. कोरडी होती. पायात काही अडकलं म्हणावं, तर वाटेत काहीच नव्हतं. मग पाडलं कोणी? ती तशीच पडून विचार करत राहिली.

उठायला गेली तर ढुंगणाच्या हाडातून कळ निघाली. गुडघा टेकला की लुगड्याचा काठ त्याखाली यायचा आणि ती पुन्हा कोपरावर यायची. खालच्या मजल्यावरच्या टीव्हीत एक मालिका संपली, दुसरी लागली. कोपरांनी सरकत सरकत ती दिवाणापाशी आली, गादीची कड धरून गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिथंच डोकं टेकून धापा टाकत राहिली. आपल्याला असं सरपटताना कोणी पाहिलं नाही, हे तिला बरं वाटलं.

संध्याकाळी कोणाला काही बोलली नाही.

वर्ध्याकडच्या सेलूजवळच्या गावात, घराच्या अंगणात ती धुणं धुताना पडली होती, म्हणून तर पद्माकरनं तिला दिल्लीला आणलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मयूर विहारमधल्या फ्लॅटवर आणताना तो म्हणाला होता, "इथं सपाट फरशी आहे, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. पडायचं काही कारणच नाही." महिना गेला असेल नसेल, ती बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली. आणि आता हे. उभा जन्म डोक्यावर पाण्याची गुंड अन् काखेत पोर घेऊन ती नाल्याच्या निसरड्या काठावरून चालली होती. तेव्हा पाय कुठं पडतो हे बघायचीही गरज नव्हती. आता बघून बघून टाकला तरी पाय ऐकत नव्हता.

रविवारी पाठ चोळून देताना ऋचाला कमरेवरचा काळानिळा डाग दिसला.

"आई, हे काय?"

"काई नाई. दिवाणाचा कोपरा लागला."

ऋचानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "दिवाणाच्या कोपऱ्याचं एवढं होत नाही, आई. पडलात का?"

कौसल्या ओल्या अंगानं पाटावर बसून राहिली. बाहेर जानेवारीचं धुकं खिडकीला चिकटलं होतं. अंगावर काटा आला होता. "टावेल दे ना बाई," ती म्हणाली.

जेवताना त्यावर बोलणं निघालं. पद्माकर केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होता. कुठल्याही गोष्टीला एक कारण असतं आणि ते सापडलं की फाइल बंद करता येते, अशी त्याची सवय.

"चप्पल," तो म्हणाला. "ती जुनी झिजलेली चप्पल घालते ती घरात."

"पाय उघडेच होते माहे."

"मग उघड्या पायांनी घसरलीस."

"फरशी कोरडी होती ना, बाबू."

उन्नतीनं विचारलं, "आजी, तुला चक्कर येते का? मतलब, सगळं गोल-गोल फिरतं का?"

"फिरत नाई. पांढरं होते."

"पांढरं म्हणजे?"

कौसल्यानं हात हलवला. तिला सांगता येईना. उठलं की समोर कापसाचं पीक उभं राहावं तसं पांढरं व्हायचं, मग हळूहळू भिंत दिसायची. ते उपाशी पोटी होत असेल असं तिला वाटायचं. गावातही निंदणाला गेलेल्या बाया उठल्या की कपाळाला हात लावायच्या. त्याला कोणी आजार म्हणत नव्हतं.

वर्ध्याहून लताचा, पद्माकरच्या बहिणीचा फोन आला. जय भीम झालं आणि लगेच ती ऋचाला म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण पोछा मारल्यावर फरशी पुसून घेता का तुम्ही?"

ऋचानं फोन पद्माकरच्या हातात दिला आणि आत निघून गेली. रात्रीची भांडी तिनं इतक्या हळू घासली की नळाचा तेवढा आवाज येत होता. कौसल्याला सगळं कळत होतं. आपण पडलो की या घरात कोणी ना कोणी चोर ठरतो, हे तिच्या ध्यानात आलं.

त्या आठवड्यात घर बदललं. बाथरूमच्या भिंतीला दांडा बसला. रबरी तळव्याच्या नव्या चपला आल्या. स्वयंपाकघराच्या दारात जाड पायपुसणं आलं. त्याच्या कडेला पहिल्याच दिवशी तिचा अंगठा अडकला आणि ती भिंतीवर आदळली. पायपुसणं गेलं. झोप लागत नाही म्हणाली तर पद्माकरनं केमिस्टला विचारून एक छोटी गोळी आणली. रक्तदाबाच्या गोळ्या तोच रोज डबीत भरून ठेवायचा, काही वर्ध्याच्या डॉक्टरांच्या, काही इथल्या. या कामात तो कधी चुकत नसे. आणि तिला ताकीद होती, उठायचं झालं की आधी हाक मारायची.

पण दिवसा हाक मारावी कोणाला? ऋचानं लाजत लाजत मोठ्या माणसांचं डायपर आणलं होतं. ते पाकीट कपाटावर दिसलं की कौसल्या मान फिरवायची. तिनं आपला उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळचा चहा घेतला की दुपारपर्यंत घोट नाही. ओठ सुकायचे, जीभ टाळूला लागायची, पण बाथरूमचा उंबरा चुकायचा.

बाल्कनीतून रस्त्यापलीकडे यमुनेचं खादर, नदीकाठची सखल शेतजमीन, दिसत होतं. धुकं उतरलं की पालकाचे, मेथीचे हिरवे वाफे दिसायचे. त्यात वाकलेल्या बाया. एका सकाळी तिनं सांगितलं, "मी खाली बागेत उन्हाले बसतो." ऋचाला बरं वाटलं. बागेतल्या म्हाताऱ्या हिंदीतून सुनांविषयी बोलत होत्या. कौसल्या तिथं थोडी बसली. मग मागच्या फाटकातून निघाली, गाड्या थांबेपर्यंत थांबली, रस्ता ओलांडून उतारानं खाली गेली. मातीला पाय लागला आणि तिनं चपला काढून हातात घेतल्या.

वाफ्यात एक बाई एकटीच पालकातलं गवत काढत होती. उत्तर प्रदेशातल्या बदायूंकडची ओमवती. नवऱ्याबरोबर तिथंच झोपडीत राहायची. वयानं ऋचापेक्षा थोडी मोठी, पण तोंड उन्हानं रापलेलं. कौसल्या बांधावर उभी राहून बघत राहिली. मग राहवलं नाही.

"असं वरवर तोडलं तं पुन्हा येते ना. मुळापासून काढ ना बाई."

ओमवतीला शब्द कळले नाहीत, हाताची खूण कळली. ती हसली. "आ जाओ अम्मा, दिखा दो."

कौसल्या खाली बसली. खुरपं तिच्या ओळखीच्या खुरप्याहून रुंद होतं, पण मूठ तशीच होती. ओल्या मातीचा वास नाकात गेला. सुरुवातीला बोटं दुखली, मग मोकळी झाली. ती बसल्या बसल्या पुढे सरकत होती, खुरपं, गवत, झटका, खुरपं, गवत. समोर पांढरं झालं नाही. कोणी पडाल म्हटलं नाही.

मग ती रोज जाऊ लागली. घरी बाग सांगायची. बसून काम चालायचं. उठताना ओमवती हात पुढे करायची, "धीरे, अम्मा," आणि कौसल्या तिचा हात धरून उभी राहायची, डोळे मिटून थोडी थांबायची. कधी ओमवती चुलीवरची रोटी आणि मुळा द्यायची. मुलूख वेगळा, बोली वेगळी, पण दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. एक पाण्याबद्दल सांगायची, दुसरी सोयाबीनबद्दल.

कौसल्याला एकच गोष्ट कळत नव्हती. एवढ्या सपाट घरात मी पडतो, अन् या चिखलात, या खाचखळग्यात पडत नाही. हे कसं? घराले माहा पाय आवडत नाही का?

एक दिवस ऊन चांगलं पडलं होतं. दुपारी बाजाराला माल जायचा होता म्हणून घाई होती. ओमवती मेथीच्या गड्ड्या उचलून झोपडीकडे गेली. कौसल्याला लघवीला लागली होती, बराच वेळ दाबून धरली होती. आता धरवेना. हात द्यायला कोणी नव्हतं. ती एकदम उठली आणि दोन पावलं घाईनं टाकली. समोरचा हिरवा वाफा पांढरा झाला. पाण्याच्या पाटात ती उजव्या हातावर आदळली. मनगटात काहीतरी वाळक्या फांदीसारखं मोडलं.

ओमवती धावत आली. तिनं कौसल्याला चिखलातून उचलून बसवलं. लुगडं भिजलं होतं, पाण्यानं आणि लघवीनंही. ओमवतीनं आपली शाल काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली. तिच्या नवऱ्यानं भाजीच्या सायकल रिक्षावर रिकामी पोती अंथरली आणि दोघांनी तिला सोसायटीच्या फाटकापर्यंत आणलं. गार्डनं आधी त्यांना आत सोडलं नाही. मग कौसल्याचं तोंड ओळखून सोडलं. बागेतल्या म्हाताऱ्या उठून बघत राहिल्या. कौसल्यानं पदर तोंडावर ओढला, पण एकच हात चालत होता, त्यानं पदरही सावरेना.

गार्डनं फोन केल्यावर पद्माकर ऑफिसातून टॅक्सीनं आला. आईला पोत्यावर बसलेलं बघून त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग तो ओमवतीवर ओरडला.

"सत्तर साल की औरत से खेत में काम कराती हो? शर्म नहीं आती? पुलिस में दूँ?"

"साहब, हमने नहीं बुलाया. अम्मा खुद आती थीं. पूछ लो."

पद्माकर आईकडे वळला. "आई, खरं आहे हे?"

सगळे तिच्याकडे बघत होते. कमरेला ओमवतीची शाल होती. मनगट सुजून वाटीएवढं झालं होतं. होय म्हणावं तर रोजचं खोटं उघडं पडत होतं, लेकाची मान सोसायटीपुढे खाली जात होती. कौसल्या काहीच बोलली नाही. ओमवतीनं थोडी वाट पाहिली, मग नवऱ्याला म्हणाली, "चलो," आणि रिकामी रिक्षा ढकलत निघून गेली. शाल मागितली नाही.

हॉस्पिटलात गर्दी होती. ऋचा घरून गोळ्यांची पिशवी घेऊन तिथं आली. प्लॅस्टर झालं. मग अलकनंदा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आणखी विचारपूस सुरू केली. या आधी पडल्या होत्या का, कुठं, काय करताना. पद्माकर उत्तरं देत होता. डॉक्टरांनी त्याला थांबवलं. "माताजी को बोलने दीजिए."

"उठलं का पांढरं होते," कौसल्या म्हणाली. पद्माकरनं ते हिंदीत सांगितलं. सांगताना तो अडखळला, कारण त्यानं हे आधी ऐकलं होतं.

डॉक्टरांनी तिला आडवं निजवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला, थोडं थांबून पुन्हा घेतला. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली येत होता. त्यांनी गोळ्या मागितल्या. पद्माकरनं पिशवी उपडी केली. डॉक्टरांनी दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. वर्ध्याची गुलाबी गोळी, दिल्लीची पांढरी. नावं वेगळी, आतलं औषध एकच.

"दोनों रोज देते हैं?"

"हो," पद्माकर मराठीतच म्हणाला. मग, "हाँ जी. मैं खुद देता हूँ."

त्यानं पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. ऋचानं त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. एवढे दिवस फरशीचं खापर आपल्यावर होतं, ते उतरलं म्हणून तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"म्हणजे हे कारण," तो शेवटी म्हणाला. "यानेच पडत होती."

डॉक्टरांनी मान हलवली, ना होय ना नाही. झोपेची गोळी दाखवून म्हणाल्या, हीसुद्धा. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उंबरा धड दिसत नसेल. पाणी कमी पितात, त्यानंही दाब उतरतो. मांड्यांत ताकद राहिली नाही. हाडं ठिसूळ झाली आहेत, म्हणून पडल्यावर मोडतात. लघवीची घाई होते, म्हणून धावतात. आणि पडायची भीती बसली की माणूस हलायचं सोडतं, मग पाय आणखी कमजोर होतात.

"पण यातलं नेमकं कोणतं?" पद्माकरनं हिंदीत विचारलं.

"सब थोड़ा-थोड़ा."

"आधी घरात पडली तेव्हा कोणतं होतं? आणि शेतात इतके दिवस का नाही पडली?"

"वो मैं कैसे बताऊँ?" डॉक्टर म्हणाल्या. त्या थकलेल्या होत्या, बाहेर रांग होती. "बैठके काम करती होंगी, कोई हाथ देता होगा. बिठाके मत रखिए इनको. चलाइए." आणि कौसल्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माताजी, लेटी हों तो पहले बैठना. थोड़ा रुकना. फिर उठना."

घरी आल्यावर गुलाबी गोळी बंद झाली, झोपेचीही झाली. पांढरं होणं कमी झालं. पण मोडक्या मनगटाबरोबर काहीतरी आणखी मोडलं होतं. कौसल्या दिवाणावरून उतरेना. दाराशी गेली की भिंत धरून उभी राहायची, पुढचं पाऊल टाकायला पाय नाही म्हणायचे. फ्रिजपर्यंतची चार हातांची जागा तिला नाल्याएवढी वाटायची. ऋचा रजा काढून घरी राहिली. तिनं घास भरवला, वेणी घातली, संडासात सोबत गेली. कौसल्या एकदा म्हणाली, "तुह्या हातानं लय कराले लावलं म्या."

"राहू द्या, आई."

"लता बोलली ते तुले लागलं. म्या तवाच सांगाले पायजे होतं, फरशी कोरडी होती म्हणून."

ऋचा वेणीचा पेड घालत राहिली. पेड आवळत म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही."

पद्माकर संध्याकाळी दिवाणाजवळ खुर्ची घेऊन बसायचा. तो इंटरनेटवर वाचत होता. वाचावं तितकी कारणं वाढत होती. चष्मा, पायांतली बधिरता, दिवाणाची उंची, उन्हाचा अभाव. एक मिटवलं की दुसरं. आपण आईला सुरक्षित ठेवायला आणलं आणि रोज सकाळी आपल्याच हातानं तिच्या तळहातावर गोळी ठेवली, हे कोणाला सांगावं हे त्याला कळत नव्हतं. आईला सांगायला गेला तर ती म्हणाली, "तू देल्ली, म्या खाल्ली. त्यात काय हाय?" त्यानं त्याला अजूनच वाईट वाटलं.

होळीच्या सुमारास प्लॅस्टर निघालं. हात वाळून काडीसारखा झाला होता. त्या रविवारी ऋचानं ओमवतीची शाल धुऊन, इस्त्री करून दिवाणावर ठेवली. कौसल्या शालीकडे बघत बसली. मग पाय खाली सोडले. थांबली. उठली.

"पद्माकर, चल."

"कुठं?"

"तिची शाल हाय."

तो तिचा दंड धरून चालला. रस्ता ओलांडायला, उतार उतरायला खूप वेळ लागला. खादरात आता पालक संपत आला होता, भेंडीची रोपं वर येत होती. ओमवतीनं त्यांना लांबून बघितलं आणि काम चालू ठेवलं.

पद्माकर पुढे झाला. "उस दिन मैंने... आपको ऐसा नहीं बोलना चाहिए था."

"कोई बात नहीं, साहब," ती खुरप्याकडे बघत म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पर अम्मा को अब इधर मत लाओ. कुछ हुआ तो फिर हमारा नाम आएगा."

कौसल्यानं त्याच्या हातातून दंड सोडवला आणि दोन पावलं टाकून वाफ्याच्या कडेशी गेली.

"त्या दिवशी त्यानं मले इचारलं," ती म्हणाली, "अन् मी बोलली नाई. मले बोलाले पायजे होतं. मी स्वताहून येत होती. तुह्या हातानं उठत होती." मग लेकाकडे वळली. "सांग तिले हिंदीत. सगळं सांग."

पद्माकरनं सांगितलं. सगळं सांगितलं, आईनं बागेचं खोटं सांगितलेलंही. ओमवती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं शाल घेतली, वास घेतला, खांद्यावर टाकली. झोपडीकडे गेली आणि भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट आणून वाफ्याबाहेर उलटं ठेवलं. हातानं दाबून ते हलत नाही ना बघितलं.

"नीचे नहीं बैठना," ती म्हणाली. "इस पर बैठो. गड्डी बाँधो."

कौसल्या क्रेटवर बसली. उजव्या हाताला पकड नव्हती, सुतळी निसटत होती. तिनं एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हातानं वेढा दिला. पालकाची पहिली गड्डी सैल झाली. दुसरी जरा बरी. पद्माकर उभाच होता. त्याच्या बुटांना ओली माती लागली होती. ऑफिसचा फोन वाजला, त्यानं तो बघितला आणि खिशात ठेवला. बस म्हणावं, की पुरे म्हणावं, की घरी चल म्हणावं, त्याला ठरवता येईना.

ऊन चढलं. टोपली भरली तशी कौसल्यानं हात झटकले आणि दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले. पद्माकर लगेच पुढे झाला आणि त्यानं हात दिला.

"थांब," ती म्हणाली. "आधी पाहू दे."

ती बसूनच समोर बघत राहिली, रस्त्यावरच्या गाड्यांकडे, पलीकडच्या इमारतींकडे. पांढरं होतं की नाही याची ती वाट बघत होती. पद्माकर तिच्या समोर हात पुढे करून उभा होता. धरायचं की नुसतं जवळ राहायचं, हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. त्यानं हात मागे घेतला नाही.

कौसल्या उठली.